विस्मरणाचा शोध : डॉ. अलोइस अल्झायमर

तुमच्या घरी किंवा शेजारी एखादी वृद्ध दादी किंवा नाना असतील. लहानपणीच्या साऱ्या गोष्टी त्यांना आठवतात, पण सकाळी नाश्ता केला की नाही, हे दुपारी आठवत नाही. चष्मा कपाळावर असतो आणि शोध मात्र घरभर चालतो. आपण हसतो, तेही हसतात. एवढे विसरणे चालायचेच. परंतु काही घरांत गोष्ट इथेच थांबत नाही. आजोबा आपल्या सख्ख्या मुलाला ओळखत नाहीत. ज्या गल्लीत चाळीस वर्षे काढली, त्या गल्लीतून घरी परतण्याची वाट त्यांना सापडत नाही. रात्री उठून ते ओरडू लागतात की कोणीतरी माझे पैसे चोरले. मग लोक म्हणतात, साठी बुद्धी नाठी. उर्दूत आपण म्हणतो, सठिया गए. भाषा दोन आहेत, पण दोन्ही भाषांनी दोष दिला आहे तो बिचाऱ्या साठ वर्षांना!

खरे पाहता हा दोष वयाचा नाही, स्वभावाचा नाही आणि भुताखेताचा तर मुळीच नाही. हा मेंदूचा आजार आहे. या आजारात मेंदूमध्ये काय बिघडते, हे ज्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले आणि जगाला सांगितले, त्या डॉक्टरांची ही गोष्ट आहे. आज त्या आजाराला त्यांच्याच नावाने ओळखतात. नाव घेताना जीभ जरा अडखळते, म्हणून दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहा : अल्झायमर.

अलोइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. हे गाव माइन नदीच्या काठी आहे. त्यांचे वडील नोटरी होते, म्हणजे लोकांचे करारनामे आणि दस्तऐवज कायदेशीरपणे करून देण्याचे काम ते करीत. मुलांना चांगले शिक्षण मिळावे म्हणून हे कुटुंब आशाफेनबुर्ग या मोठ्या गावी राहायला गेले. शाळेत अलोइस यांना निसर्गविज्ञानाची विशेष गोडी होती. पुढे त्यांनी वैद्यकशास्त्र निवडले आणि बर्लिन, ट्यूबिंगेन व वुर्झबुर्ग येथील विद्यापीठांत अभ्यास केला. अंगापिंडाने ते धिप्पाड होते, हसतमुख होते. त्या काळी जर्मन विद्यार्थ्यांमध्ये तलवारबाजीचा शौक होता. त्या शौकाची एक खूण त्यांच्या डाव्या गालावर जन्मभर राहिली.

१८८७ साली ते डॉक्टर झाले. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर तो प्रबंध होता! विषय साधा असला तरी त्यासाठी सूक्ष्मदर्शकापुढे तासन्‌तास बसावे लागले. ती बैठक त्यांच्या अंगी मुरली आणि पुढे जन्मभर उपयोगी पडली.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८८८ मध्ये, त्यांना फ्रांकफुर्ट शहरातील मनोरुग्णांच्या इस्पितळात नोकरी मिळाली. हे इस्पितळ हाइन्रिख होफमान या डॉक्टरांच्या प्रयत्नांनी उभे राहिले होते. हे होफमान मोठे गमतीदार गृहस्थ. आपल्या छोट्या मुलाला द्यायला बाजारात एकही चांगले पुस्तक मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच चित्रे काढून त्याच्यासाठी पुस्तक तयार केले. ते पुस्तक पुढे जगभर गाजले. पण आपण मूळ गोष्टीकडे वळू.

त्या काळी मनोरुग्णांचे हाल फार होत. त्यांना बांधून ठेवत, कोंडून ठेवत. रुग्ण आरडाओरडा करू लागला की त्याला अंधाऱ्या खोलीत टाकणे हाच उपाय समजला जाई. फ्रांकफुर्टच्या इस्पितळाचे नवे प्रमुख एमिल झिओली यांना हा प्रकार पसंत नव्हता. अल्झायमर यांनाही नव्हता. दोघांनी मिळून बांधण्याची पद्धत कमी केली. अस्वस्थ रुग्णांना कोमट पाण्यात बराच वेळ बसवावे, त्यांना बागेत फिरू द्यावे, त्यांच्याशी बोलावे, असे उपाय सुरू केले. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण मला वाटते, अल्झायमर यांचे पुढचे सारे मोठेपण या लहानशा सवयीतून आले आहे. ते रुग्णाजवळ खुर्ची ओढून बसत, प्रश्न विचारीत, आणि रुग्ण जे बोलेल ते जसेच्या तसे कागदावर उतरवून घेत. उत्तर चुकीचे असले, अर्थहीन असले, तरी ते लिहून ठेवीत.

थोड्याच दिवसांत तेथे फ्रांत्स निसल नावाचे दुसरे तरुण डॉक्टर आले. दोघांची घट्ट मैत्री जमली. दिवसभर रुग्ण तपासावेत आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शक काढून बसावे, असा त्यांचा क्रम होता. निसल यांच्याजवळ एक खास हुन्नर होता. मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली नुसता ठेवला तर त्यात फारसे काही दिसत नाही, सारे फिके फिके दिसते. म्हणून आधी तो तुकडा औषधात ठेवून घट्ट करावा लागतो. मग त्याचे अगदी पातळ काप काढतात आणि ते रंगवतात. रंगरेजाच्या दुकानात तुम्ही पाहिलेच असेल, एकाच रंगात बुडवले तरी सुती धागा वेगळा रंग धरतो आणि रेशमी वेगळा. मेंदूचेही तसेच आहे. योग्य रंग दिला की त्यातील चेतापेशी उठून दिसतात. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि आपली स्मृती त्यांच्याच आधाराने टिकते. स्मृती म्हणजे, ज्याला तुम्ही घरी याददाश्त किंवा हाफिजा म्हणता तीच. निसल यांनी विद्यार्थी असतानाच असा एक रंग शोधून काढला होता. तो रंग आजही त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे.

१८९४ मध्ये अल्झायमर यांनी सेसिली या विधवा बाईंशी विवाह केला. त्यांचे पहिले पती हिऱ्यांचे व्यापारी होते. या विवाहामुळे अल्झायमर यांना पैशाची चिंता उरली नाही. त्यांना तीन मुले झाली. सुखाचे दिवस होते, पण ते फार टिकले नाहीत. १९०१ सालच्या आरंभी सेसिली आजारी पडल्या आणि वारल्या. मुले लहान होती. अल्झायमर यांची बहीण घर आणि मुले सांभाळायला आली. अल्झायमर यांनी मात्र स्वतःला कामात बुडवून घेतले.

त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९०१ रोजी, इस्पितळात एक नवीन रुग्ण दाखल झाली. तिचे नाव ऑगस्टे डेटर. तिचा नवरा कार्ल रेल्वेत कारकून होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे काही महिन्यांपूर्वीपर्यंत तिचा संसार नीट चालला होता. मग ती एकाएकी नवऱ्यावर संशय घेऊ लागली. स्वयंपाक बिघडू लागला. वस्तू कुठेही लपवून ठेवी आणि कुठे ठेवल्या ते विसरून जाई. ओळखीच्या माणसांची तिला भीती वाटू लागली. रात्रभर झोप नाही, किंचाळणे मात्र चालू. बिचारा कार्ल शेवटी थकला आणि तिला इस्पितळात घेऊन आला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ऑगस्टेचे वय तेव्हा फक्त ५१ वर्षे होते. तिची साठी अजून नऊ वर्षे दूर होती!

दुसऱ्या दिवशी अल्झायमर तिच्याजवळ बसले. त्यांनी तिला तिचे नाव विचारले. तिने ऑगस्टे असे सांगितले. आडनाव विचारले, तर पुन्हा ऑगस्टे. नवऱ्याचे नाव विचारले, तर तिला प्रश्नच नीट उमगेना. त्यांनी तिला पेन्सिल, पेन, किल्ली अशा वस्तू एकेक करून दाखवल्या. त्यांची नावे तिने बरोबर सांगितली. पण थोड्या वेळाने, मघाशी काय काय दाखवले, असे विचारल्यावर तिला आठवेना. जेवताना तिच्या ताटात फुलकोबी होती. काय खाते आहेस, असे विचारल्यावर तिने पालक म्हणून सांगितले. मग त्यांनी तिला कागद दिला आणि नाव लिहायला सांगितले. तिने श्रीमती या अर्थाचा शब्द लिहिला आणि पुढे काय लिहायचे ते विसरली. प्रत्येक शब्द तिला पुन्हा पुन्हा सांगावा लागला. या गोंधळात मधूनच, आपण हरवलो आहोत असे काहीतरी ती पुटपुटे. म्हणजे आपले काहीतरी निसटते आहे, एवढे तिला कळत होते. ही गोष्ट वाचताना मन कळवळते.

अल्झायमर यांनी हे सगळे लिहून ठेवले. असे विस्मरण त्यांनी म्हाताऱ्या रुग्णांमध्ये पाहिले होते. पण पन्नाशीच्या बाईला ते का व्हावे? हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला.

पुढे त्यांना फ्रांकफुर्ट सोडावे लागले. एमिल क्रेपेलिन हे त्या काळचे मानसोपचाराचे मोठे प्राध्यापक होते. त्यांच्याजवळ काम करण्यासाठी अल्झायमर आधी हायडेलबर्गला आणि मग १९०३ साली म्युनिकला गेले. म्युनिकला सुरुवातीला त्यांना पगारही नव्हता. घरच्या पैशावर ते काम करीत. तिथली प्रयोगशाळा त्यांनी नावारूपाला आणली. देशोदेशींचे तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. लेवी, क्रॉइट्सफेल्ड आणि याकोब हे त्यांपैकीच. मेंदूच्या आजारांच्या पुस्तकांत आज ही नावेही सापडतात. अल्झायमर एकेका विद्यार्थ्याच्या सूक्ष्मदर्शकाशी बसत, स्वतः पाहत, समजावून सांगत. हातातला पेटलेला सिगार ते टेबलावर ठेवत आणि बोलण्याच्या नादात तिथेच विसरून पुढच्या विद्यार्थ्याकडे जात. संध्याकाळी प्रत्येक टेबलावर एकेक सिगारचे थोटूक उरलेले असे, असे त्यांचे विद्यार्थी सांगत. विस्मरणाचा अभ्यास करणारे गुरुजी स्वतः असे विसराळू! धूम्रपानाने मेंदूचीही हानी होते, हे त्या वेळी कोणाला माहीत नव्हते.

म्युनिकला असले तरी ते ऑगस्टेला विसरले नव्हते. फ्रांकफुर्टला पत्र पाठवून तिची खबर घेत. तिची प्रकृती ढासळतच गेली. शेवटी शेवटी ती अंथरुणातच पडून असे, बोलणेही संपले होते. ८ एप्रिल १९०६ रोजी तिचा मृत्यू झाला. ही बातमी कळताच अल्झायमर यांनी झिओली यांना विनंती केली. त्यांनी ऑगस्टेची सारी कागदपत्रे आणि तिचा मेंदू तपासणीसाठी म्युनिकला पाठवून दिला.

मेंदू आक्रसलेला होता. अल्झायमर यांनी त्याचे पातळ काप काढले आणि चांदीचा क्षार वापरून ते रंगवले. ही पद्धत तेव्हा अगदी नवी होती. सूक्ष्मदर्शकात पाहिल्यावर त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, चेतापेशींच्या आतले बारीक तंतू एकमेकांत गुंतून गेले होते. शिवणाच्या डब्यात धाग्याचा गुंता होतो, तसे. कित्येक ठिकाणी पेशी मरून गेली होती आणि मागे नुसता गुंता राहिला होता. दुसरे म्हणजे, पेशींच्या बाहेर कसल्यातरी पदार्थाचे लहान लहान पुंजके साचले होते. निरोगी मनाच्या पन्नाशीतल्या माणसाच्या मेंदूत असा प्रकार अपेक्षित नव्हता. अल्झायमर यांना आता सांगता येत होते की हा नुसता भ्रम नाही, बाईचा हट्टीपणा नाही. मेंदूच पोखरला गेला आहे.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे डॉक्टरांची सभा होती. तेथे अल्झायमर यांनी ऑगस्टेची हकीकत सांगितली, चित्रे दाखवली. भाषण संपले. सभेत ऐंशी-नव्वद डॉक्टर बसलेले होते. अध्यक्षांनी विचारले, कोणाला काही शंका? एकही हात वर झाला नाही. सभा पुढच्या विषयाकडे वळली. कल्पना करा, पाच वर्षांच्या चिकाटीचे फळ हे असे! १९०७ साली त्यांनी ही माहिती छापून प्रसिद्ध केली. तीही जेमतेम दोन-तीन पानांची.

१९१० साली प्राध्यापक क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत या आजाराला अल्झायमरचा आजार असे नाव दिले. इथे एका दुसऱ्या डॉक्टरांची आठवण काढलीच पाहिजे. प्राग शहरातील ओस्कर फिशर यांनीही १९०७ साली स्मृती गमावलेल्या बारा वृद्धांच्या मेंदूंतील असेच पुंजके वर्णन करून छापले होते. त्यांचे काम कमी प्रतीचे नव्हते. पण नाव एकाचेच लागले. फिशर ज्यू होते. १९४२ साली नाझींच्या कैदेत त्यांचा अंत झाला आणि पुढे कितीतरी वर्षे लोक त्यांना विसरून गेले.

१९१२ मध्ये अल्झायमर यांना ब्रेस्लाउ येथील विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळाली. हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव व्‍रोत्स्वाफ आहे. आगगाडीने तिकडे जात असतानाच ते आजारी पडले. घशाच्या साध्या दुखण्यापासून सुरुवात झाली, पण पुढे हृदय आणि मूत्रपिंडे बिघडली. तशाही स्थितीत ते तीन वर्षे काम करीत राहिले. १९ डिसेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५१ वर्षे होते. ऑगस्टे इस्पितळात आली तेव्हा तिचेही तेवढेच वय होते. फ्रांकफुर्टला सेसिलीच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

पुढे कितीतरी वर्षे डॉक्टर समजत राहिले की हा आजार क्वचित आणि तोही कमी वयात होतो. म्हाताऱ्यांचे विसरणे हे त्यांना नेहमीसारखेच वाटे. १९७६ साली अमेरिकेतील डॉक्टर रॉबर्ट कॅट्झमन यांनी हा समज चूक असल्याचे ठासून सांगितले. पन्नाशीतला असो वा ऐंशीतला, आजार एकच. १९८४ साली ऑगस्टेच्या मेंदूत दिसले तसल्या पुंजक्यांतले मुख्य प्रथिन ओळखले गेले. त्याला अमायलॉइड म्हणतात. गुंते ज्या प्रथिनाचे असतात त्याचे नाव टाऊ. पुंजके असूनही स्मृती शाबूत राहिलेली माणसेही संशोधकांना भेटली आहेत. त्यामुळे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना हाच आजार होता. अमायलॉइड कमी करणारी नवी औषधे आता आली आहेत. त्यांनी आजार थोडा मंदावतो, बरा होत नाही.

अल्झायमर यांना ऑगस्टे भेटली ती आजारी पडल्यावर. शाळेत असताना तिची बुद्धी कशी होती, हे त्यांना कळणे शक्य नव्हते. ती उणीव पुढे दुसऱ्यांनी एका निराळ्या रीतीने भरून काढली. १ जून १९३२ रोजी स्कॉटलंडमध्ये ११ वर्षांच्या जवळजवळ सर्व शाळकरी मुलांची एकाच दिवशी बुद्धिमापन चाचणी घेतली गेली. मुले होती ८७,४९८! त्या उत्तरपत्रिकांचे निकाल जपून ठेवले होते. सुमारे सत्तर वर्षांनी एडिनबरोच्या संशोधकांनी त्यांपैकी साडेपाचशे जणांना शोधून काढले आणि पुन्हा तीच चाचणी दिली. ती मुले आता ७९ वर्षांची झाली होती. या वयात माणसामाणसांच्या बुद्धीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे निम्मा बालपणीच्या गुणांशी जुळला. बाकीच्या निम्म्यात मधल्या आयुष्यात घडलेल्या गोष्टींचाही वाटा असू शकतो. २०२४ सालच्या एका मोठ्या अहवालाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे : अपुरे शालेय शिक्षण, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू कमी येणे, एकटेपणा. तुमच्या नानांना कमी ऐकू येत असेल आणि म्हणून कोणी त्यांच्याशी बोलतच नसेल, तर या यादीतल्या दोन गोष्टी एकाच घरात झाल्या.

आता ऑगस्टेच्या कागदांचे काय झाले ते सांगतो. अल्झायमर गेल्यानंतर ते कुठे आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, फ्रांकफुर्टवर बॉम्ब पडले. कित्येक संशोधक शोधून थकले. काही जण तर शंका घेऊ लागले की अल्झायमर यांनी खरोखर हा आजार पाहिला होता की त्यांची काही चूक झाली होती. मग डिसेंबर १९९५ मध्ये फ्रांकफुर्ट विद्यापीठातील डॉक्टर कोनराड माउरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इस्पितळाच्या जुन्या दप्तरात ती निळी फाइल सापडली. दोन वर्षांनी म्युनिकच्या तळघरात ऑगस्टेच्या मेंदूचे रंगवलेले कापही मिळाले. नव्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर गुंते आणि पुंजके दोन्ही जागच्या जागी होते. निळ्या फाइलमध्ये अल्झायमर यांच्या हाताने लिहिलेली प्रश्नोत्तरे होती आणि ऑगस्टेचे छायाचित्र होते. सैल केस, गुडघ्यावर एकमेकांत गुंफलेले हात, आणि कपाळावर आठ्या. त्याच कागदांत तिने स्वतःचे नाव लिहिण्याचा प्रयत्न केलेला तो कागदही होता.